धावायचे बूट आणि स्क्वॅटचे बूट एकच चालतात काय? बजेट साडेतीन हजार

मुरूममैदान
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुका, जि. यवतमाळ. पोलीस भरतीची तयारी सुरू आहे, म्हणजे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. सकाळी चार दिवस धावणे: तीन दिवस शाळेच्या मुरमाच्या मैदानावर, एक दिवस डांबरी रस्त्याने ६ किलोमीटर. संध्याकाळी तीन दिवस तालुक्याच्या जिममध्ये स्क्वॅट (बार खांद्यावर घेऊन बैठक, ७० किलो), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलणे, ९० किलो) आणि डंबेलचे बाकी प्रकार. माझे वजन ७४ किलो, पाय पुढून रुंद.

सध्या जाड, मऊ सोलचा एकच रनिंग बूट आहे. धावताना त्रास नाही. पण स्क्वॅटमध्ये खाली बसलो की टाच डगमगते आणि गुडघे आत पडतात. डेडलिफ्टमध्ये बार उचलताना वजन अंगठ्यांकडे जाते. दुकानदार म्हणतो, ट्रेनिंग शूज घ्या, दोन्हीला चालतात. एकच जोड घ्यावा की दोन? दोन घ्यायचे तर पैसे कसे वाटून घ्यायचे?

लोखंडी_बार
दोन घ्या. साडेतीन हजारांत दोन्ही बसतात, कारण वजन उचलायला महागडा बूट लागतच नाही. तीन हजारांपर्यंत रनिंगवर घाला आणि चार-पाचशेचा सपाट कॅनव्हास जिमसाठी ठेवा.

तुमची टाच काऊन डगमगते ते सांगतो. रनिंग बुटाच्या सोलमध्ये ईव्हीए नावाचा फोम असतो. टाचेखाली तो साधारण ३० मिलिमीटर, काही बुटांत ३५-४० मिलिमीटरही. धावताना पाऊल जमिनीवर पाव सेकंद टेकते. तेवढ्यात फोम दबतो आणि परत फुलतो, त्याचे कामच ते. स्क्वॅटमध्ये मात्र तुमचे ७४ आणि बारचे ७० असे १४४ किलो एका जागी तीन-चार सेकंद बसून राहतात. फोम दबतो, आणि जिकडे भार जास्त तिकडे जास्त दबतो. बहुतेकांचा भार आतल्या कडेला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला जातो. ती कड खचली की घोटा आत, घोट्यामागे गुडघा आत. तुम्ही गुडघे बाहेर ठेवायचा कितीही प्रयत्न करा, पायाखालची गादीच तिरपी असेल तर ते टिकत नाही.

एकदा स्वतः पाहून घ्या. मोबाईल जमिनीवर ठेवून मागून व्हिडिओ काढा, फक्त टाचा दिसल्या पाहिजेत. रिकाम्या बारवर एक सेट, ७० किलोवर एक सेट. ७० किलोला सोलच्या आतल्या बाजूच्या सुरकुत्या दाबून एकमेकींना टेकतात आणि बाहेरच्या तशाच उघड्या राहतात. टाचेमागचा उभा कप आत कललेला दिसतो. दुकानदाराला दाखवायला तेवढा व्हिडिओ पुरे.

डेडलिफ्टचा हिशोब वेगळा. बारला ४५ सेंटिमीटर व्यासाची प्लेट (वजनाची चकती) असली की बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. ३० मिलिमीटरच्या सोलवर उभे राहिलात म्हणजे तुम्ही तेवढे उंच झालात, बार तिथेच आहे. तीन सेंटिमीटर जास्त वाकून उचलावे लागते. त्यात रनिंग बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा ८-१० मिलिमीटर उंच, म्हणून शरीर पुढे ढकलले जाते. वजन अंगठ्यांकडे जाण्याचे कारण हेच.

आपल्याकडच्या लहान जिममध्ये आणखी एक भानगड असते, ती बुटांच्या नावावर खपते. १० किलोच्या रबरी प्लेटा ४५ सेंटिमीटरच्या नसतात, बऱ्याच लहान असतात. मग बार आणखी खाली. प्रत्येक बाजूच्या प्लेटेखाली एक-एक जाड प्लेट आडवी ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत आणा, नंतर बुटांना दोष द्या.

कॅनव्हास घेताना आतल्या गादीवर अंगठा दाबा. खोल रुतत असेल तर ती गादी काढून टाका, बहुतेक बुटांत ती नुसती ठेवलेली असते. खालचा रबर सलग आणि टणक हवा. पाय रुंद आहे म्हणता तर करंगळीच्या जागी कापड ताणले जाते काय ते पाहा, कॅनव्हास नेहमी तिथूनच फाटतो. वजन उचलणारे लोक कन्व्हर्सचा चक टेलर वापरतात तो याच गुणांसाठी: सपाट, टणक, दबत नाही. शाळेच्या पीटीचा साधा पांढरा कॅनव्हासही तेच काम करतो. कुस्तीचे बूट मिळाले तर डेडलिफ्टला तेही उत्तम, सोल पातळ आणि घोट्याला पकड.

पांदण_ते_डांबर
वरच्या भाऊंशी पूर्ण सहमत. मी फक्त धावण्याच्या जोडाबद्दल लिहितो, कारण पैसे तिथे जाणार आहेत आणि फसवणूकही तिथेच होते.

पहिले माप. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. जायच्या आधी घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा, सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. काहींचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, तेव्हा माप त्या बोटापासून. बूट घालून उभे राहिल्यावर बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे १०-१२ मिलिमीटर जागा हवी. धावताना पाय बुटात पुढे सरकतो. जागा नसली की नख काळे पडते. आपल्याकडे विकतात ते बहुधा यूके माप, त्यात एका नंबरचा फरक साडेआठ मिलिमीटर आणि अर्ध्या नंबरचा सव्वाचार. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या आठला जुळत नाही, म्हणून नंबर सांगून बूट मागवू नका. डब्यावर किंवा बुटाच्या जिभेवर सेंटिमीटरचा आकडा असतो, तो वाचा.

रुंद पायाला लोक एक नंबर मोठा घेतात. त्याने लांबी वाढते, रुंदी थोडीच वाढते, आणि टाच मागे सुटून घासते. आधी रुंद साचा विचारा, काही कंपन्या २ई, ४ई अशा खुणेने देतात. नसेल तर पुढचा भाग पसरट असलेला दुसरा बूट पाहा.

दुसरे, बूट हातात घेऊन तपासायचा. टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात, वाकवा. जिथे पायाची बोटे मुडतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध वाकला तर मधल्या भागाला आधारच नाही, ठेवून द्या. मग पिळा: थोडा पिळला पाहिजे, फडक्यासारखा नाही. टाचेचा कप दोन बोटांनी दाबा, सहज चेपला नाही पाहिजे. शेवटी वजन. आठ नंबरचा चांगला रनिंग बूट एक पाय २३० ते ३०० ग्रॅम भरतो. बाजारात मोठ्या नावाच्या नकली प्रती मिळतात, त्या काट्यावर लगेच उघड्या पडतात, ३५०-४०० ग्रॅमपर्यंत जातात, कारण फोमच्या जागी जड, कडक माल ओतलेला असतो. शेजारच्या किराणा दुकानात तोलून घ्यायला लाजू नका, तुमच्या मेहनतीचे पैसे आहेत.

डब्यावरचा बनावटीचा महिना आणि साल जरूर वाचा. तालुक्याच्या दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला माल सवलतीत निघतो. काही सोल पॉलियुरेथेनचे असतात, ते न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात. दिसायला नवा बूट, आणि पंधरा दिवसांत सोलचा भुगा पडायला लागतो. वर्षाच्या आतला माल घ्या.

तुमच्यासाठी टाच आणि पंज्याच्या उंचीतला फरक ८-१० मिलिमीटरचा ठीक. ० ते ४ मिलिमीटरचे बूट पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण टाकतात. सवय नसताना भरतीच्या दोन महिने आधी तसला प्रयोग करू नका. कार्बन प्लेटच्या, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेल्या बुटांचे व्हिडिओ खूप फिरतात, तुमच्या बजेटला आणि मुरमाला दोन्हीला ते जुळत नाहीत.

मुरमासाठी खालच्या रबराकडे पाहा. टाचेला आणि पंज्याला वेगळे, टणक, काळे रबर चिकटवलेले हवे. ज्या बुटाचा फोमच उघडा जमिनीला टेकतो तो मुरमावर लवकर झिजतो, आणि सराटे त्यात रुतून बसतात. खोल, अरुंद चिरा असलेला सोल पण नको, त्यात गिट्टी अडकते आणि पायाखाली सतत एक टेंगूळ लागते.

वजनदार
रनिंग बूट घालून स्क्वॅट केला की फोम फुटतो, म्हणून बूट वेगळे ठेवावे. बाकी टाचेबिचेचे काही नाही.

लोखंडी_बार
@वजनदार फोम फुटत नाही भाऊ. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एकाच पायावर येतो. ७४ किलोच्या माणसाला दीडशे ते सव्वादोनशे किलो, आणि ६ किलोमीटरमध्ये अशी हजारो पावले पडतात. स्क्वॅटचे १४४ किलो दोन पायांत वाटले जातात. तेव्हा प्रश्न ताकदीचा नाही, तोलाचा आहे. हे नीट समजून घेणे गरजेचे, नाहीतर माणूस म्हणतो, फुटला तर नवा घेऊ, आणि गुडघे आत पडतच राहतात.

मुरूममैदान
खूप आभार. जिमच्या मित्राचा कॅनव्हास घालून पाहिला, डगमग गेली. पण आता पूर्ण खाली बसलो की टाचा उचलतात, रनिंग बुटात उचलत नव्हत्या. जिममध्ये टाचेखाली अडीच किलोची प्लेट ठेवायला सांगतात. ते बरोबर आहे काय? आणि गोळा फेकताना कोणता जोड घालावा?

सपाट_तळवा
टाच उचलते कारण घोटा पुरेसा पुढे वाकत नाही. रनिंग बुटाची उंच टाच ती उणीव भरून काढत होती, आता ती उंची निघून गेली. मोजून पाहा: अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, अंगठ्याचे टोक भिंतीपासून १० सेंटिमीटर. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागला तर घोटा ठीक आहे, तेव्हा पाय थोडे रुंद ठेवून आणि चवडे बाहेर वळवून पाहा. ५-६ सेंटिमीटरलाच अडकला तर पोटरी आखडलेली आहे. तोच प्रकार रोज, दोन्ही पायांना १५-१५ वेळा, गुडघा करंगळीच्या दिशेने नेत करा. काही आठवड्यांत फरक दिसतो.

तोपर्यंत टाच उंच करायला हरकत नाही. वेटलिफ्टिंगच्या खऱ्या बुटात हेच असते: टाच साधारण १५ ते २२ मिलिमीटर उंच, पण लाकडाची किंवा टणक प्लास्टिकची, दबणारी नाही. गुडघा पुढे जायला जागा मिळते आणि पाठ सरळ राहते. डेडलिफ्टला मात्र ती उंची आड येते, तिथे सपाटच हवे.

प्लेटचा सल्ला मला पसंत नाही. प्लेटेची कड गोल, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि टाच तिच्यावर असली तरी पायाचा मधला भाग हवेत राहतो. बार खांद्यावर असताना एक प्लेट सरकली तर सावरायला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा सुताराकडून उताराची पाटी करून घ्या. सागवान आपल्याकडे मिळते, छाटाचा तुकडा पुरतो. लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही पाय एकाच पाटीवर येतात. रुंदी २० सेंटिमीटर, मागे जाडी २० मिलिमीटर आणि पुढे रंध्याने उतरवत जवळजवळ शून्य. पाटीच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे चुकांनी (लहान खिळ्यांनी) ठोकून घ्या, चुकांची डोकी रबरात बुडाली पाहिजेत. वर पॉलिश नको, रंधा मारलेले कोरडे लाकूड पकड देते. टाचेपासून पंज्यापर्यंत सगळा पाय लाकडावर टेकतो, हा प्लेटेपेक्षा मोठा फायदा. पाटीवर पहिल्या दिवशी रिकामा बार, मग आठवडाभर नेहमीच्या निम्मे वजन. गुडघ्यावरचा भार वाढतो, त्याला सवय लागू द्या.

गोळ्याला कॅनव्हासच. ७.२६ किलोचा गोळा फेकताना जोर पायातून येतो, मऊ फोम त्यातला काही खाऊन टाकतो आणि वळताना पाऊल कलते. पण झिजलेला गुळगुळीत कॅनव्हास कोरड्या मुरमावर घसरतो. तळाची नक्षी शिल्लक आहे तोवरच तो फेकीला वापरा.

एक काळजीची गोष्ट. कॅनव्हास हलका वाटतो म्हणून त्यातच १६०० मीटरचा सराव करू नका. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती अनेकदा अशाच पातळ बुटात डांबरावर धावून लागलेली असते, आणि ती जायला महिने लागतात. नडगीच्या आतल्या बाजूला दाबून दुखायला लागले तरी तिथेच थांबायचे.

धावती_ताई
मुलींसाठी पण कोणी सांगा. ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. आमच्याकडच्या दुकानात मुलींच्या मापाचे रनिंग बूट ठेवतच नाहीत, मुलांचा लहान नंबर देतात. टाच सुटते.

पांदण_ते_डांबर
ताई, बायकांची टाच पंज्याच्या मानाने अरुंद असते आणि पुरुषांचा साचा मागून सैल. म्हणून सुटते. यवतमाळ किंवा अमरावतीला जाणे होत असेल तर बायकांच्या साच्याचाच घ्या. नाहीतर नाडी अशी बांधा: बुटाच्या वरच्या टोकाला मागे एक जास्तीचे भोक असते, बहुतेक लोक ते रिकामे सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घाला, म्हणजे दोन्ही बाजूंना एक-एक छोटा फास तयार होतो. उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्यातून ओढा, खाली आणि मागे ताणा, मग गाठ. टाच कपात बसते आणि बोटांवर दाब येत नाही. हे बांधूनही टाच बोटभर उचलत असेल तर तो बूट तुमचा नाही, परत करा. मोजे सुती नको, घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. नायलॉन-पॉलिस्टर मिश्रणाचे पातळ मोजे घ्या.

मुरूममैदान
नवा जोड किती दिवस चालेल? मागचा एका उन्हाळ्यात उघडला होता, सोल पुढून सुटला.

पांदण_ते_डांबर
साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. तुमचे चार दिवस मिळून आठवड्याला २०-२२ किलोमीटर धरले तर साडेपाच ते नऊ महिने. पण मुरूम खातो, म्हणून लहान आकडा धरा आणि वहीत किलोमीटर लिहीत जा. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा, एका बाजूला कलला असेल तर वरून नवा दिसला तरी संपला. टाचेची बाहेरची मागची कड झिजणे नेहमीचेच, त्याची काळजी नको. एकाच पायाची आतली कड जास्त झिजत असेल तर रस्त्याचा उतार तपासा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच कडेने धावले की एक पाय कायम खाली पडतो. समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशी उजवी बाजू सोडू नका, पण मोकळा, सपाट तुकडा निवडा आणि लांब धाव शक्यतो मैदानावर घ्या.

सोल सुटतो तो उन्हाने. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४५ अंशांपर्यंत पारा जातो, आणि पत्र्याच्या छपरावर किंवा उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त. गोंद मऊ पडतो, फोम आकसून कडक होतो. धुतलेला बूट उन्हात नका टाकू. आतली गादी आणि नाडी काढा, साबणाच्या गार पाण्याने ब्रशने घासा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि दोन-तीन तासांनी बोळे बदला.

पावसाळ्यात मैदानाला जाण्यासाठी पांदण ओलांडावी लागत असेल तर धावायचा बूट हातात घ्या आणि तिथवर चपलेने जा. काळी माती एकदा सोलच्या चिरांत भरली की पाऊल जड होते, आणि खरवडताना लोक काडीऐवजी खिळा वापरतात, त्याने फोम फाटतो. वाळू द्या, मग दोन बूट एकमेकांवर आपटा, माती आपोआप पडते. पराटी (कापसाची झाडे) उपटलेल्या वावरातून तर त्यात अजिबात धावू नका. उरलेले खुंट वाळले की खिळ्यासारखे उभे राहतात आणि मऊ फोममधून सरळ तळव्यात जातात.

नवा जोड भरतीच्या मैदानावर पहिल्यांदा घालू नका. त्याआधी त्यात ४०-५० किलोमीटर झालेले असावे, त्यात १६०० मीटरच्या दोन-तीन पूर्ण वेगाच्या चाचण्या धरून. पहिले दोन आठवडे जुना आणि नवा एक दिवसाआड. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० एकट्या १६०० मीटरचे आहेत, १०० मीटर आणि गोळ्याला १५-१५, तेव्हा त्या दिवशी पायात काय असेल ते आधीच ठरलेले हवे. पिशवीत कॅनव्हास वेगळा ठेवा, दोन्ही जोडांना जास्तीची एक-एक नाडी ठेवा, आणि बूट कोणते चालतात याबद्दल जाहिरातीत व मैदानावर ज्या सूचना असतील त्या आदल्या दिवशी वाचून घ्या.

मुरूममैदान
ठरले. उद्या संध्याकाळी माप कागदावर घेऊन जातो. सुताराला पाटीचे माप आताच पाठवले, तो विचारतो पुढची कड एकदम धारेला न्यायची की ३ मिलिमीटर ठेवायची?

सपाट_तळवा
३ मिलिमीटर ठेवा आणि मग मागची जाडी २३ करा, म्हणजे फरक २० चाच राहतो. धारेला नेली की सागाचा छिलका आठ दिवसांत निघतो.